मामांना मेमो दिला

उद्यमनगर, कोल्हापूर

भावा,

आईची शुगर आटोक्यात, माझी पाठ बरी. आता मुद्द्याचं. मामांना मेमो दिला. होय, आपल्याच मामांना. घरात कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

पाऊस लागल्यापासून आमच्या फाउंड्रीत ओतलेल्या पंप बॉडीत ब्लोहोल यायला लागले. वरून पीस चांगला दिसतो, मशीनवर एक कट घेतला की आत भोकं. गिऱ्हाइकानं एट-डी रिपोर्ट मागितला, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडायचा. मीटिंगमध्ये चहा यायच्या आत ठरलं: मोल्डरचा, म्हणजे साचा भरणाऱ्या मामांचा, निष्काळजीपणा. डी-४चा, म्हणजे मूळ कारणाचा, रकाना भरला, मेमो टाइप झाला, रिपोर्टवर माझी सही तेवढी राहिली. मी केली नाही.

ड्रॉइंगची झेरॉक्स घेऊन रिजेक्शनच्या ढिगापाशी बसलो. ज्या पीसला जिथं भोक, तिथं लाल पेन्सिलीनं ठिपका. मोल्ड भरण्यात दोष असता तर ठिपके बॉडीभर विखुरले असते. इथं सगळे कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतो त्या वाळूच्या गाभ्याच्या, वरच्या अंगाला गोळा झाले. गॅस कोअरचा. कोअर ओला का? रात्रभर शटरपाशी ओल खात पडलेला. शटरपाशी का? नव्या मशीनला जागा हवी म्हणून रॅकच तिकडं सरकवला. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड त्या ओलीवर गेल्यावर वाफ होणारच, आणि व्हेंटमधून, म्हणजे वाफ जायच्या भोकांतून, निघाली नाही की धातूत अडकणार. कोअर-शॉपमधनं ताजे कोअर आणून लागलीच बसवले, त्या हीटचे, म्हणजे त्या ओतणीचे, पीस स्वच्छ निघाले.

टोयोटाच्या ओहनोंचं, पुन्हा पुन्हा 'का' विचारत मुळाशी जायचं उदाहरण तूच मला शिकवलंस. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला तेल कमी. तेलाचा पंप ओढत नाही, कारण शाफ्ट झिजलेला. आणि शेवटी काय, तर गाळणीच नाही, म्हणून कीस आत गेला. इथं माणसालाच फ्यूज समजून बदलायला निघालेत.

मालकांना पटलं, रॅक हलला, डी-४ नव्यानं लिहिला. पण मेमो फाइलला तसाच. म्हणे, "असू दे, वचक राहतो."

झोप उडाली ती पुढच्या गोष्टीनं. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोअर हाताला गार लागत होता रं, पहिल्याच आठवड्यात." मग बोलला का नाहीत? "बोललो असतो तर म्हणाले असते, मग भरलास कशाला?" भिंतीवर कारणं शोधायचा फिशबोन तक्ता, शॉप नीटनेटकं ठेवायच्या फाइव्ह-एसचे बोर्ड, सगळं आहे, आणि ज्याच्या हाताला कळलं तो गप्प. क्वालिटीचे गुरू डेमिंग यांच्या १४ मुद्द्यांतला आठवा हाच, भीती घालवा. शिरोलीच्या टपरीवर यावरून तू माझ्याशी किती भांडलास! "वचकाशिवाय शॉप चालत नाही" म्हणून टेबल आपटलंस, माझा कट वडा खाली गेला, तो अजून देणं आहेस. पण तुला स्वतःला मेमो मिळाला त्या संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर काय बोलला होतास, तेही मी विसरलेलो नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

फ्लॅटचं काय झालं? वहिनींची परीक्षा कशी गेली? पोराला पापा.

पंचमीला येशील तेव्हा माझ्याबरोबर मालकांकडं चल. तू आता गिऱ्हाइकाच्या बाजूला बसतोस, तुझं ऐकतील. मामा रिटायर व्हायच्या आत तो मेमो फाइलमधनं काढून घ्यायचाय.

तुझाच