श्रावणातली कणगी कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न.

कोकणातल्या अन्नसुरक्षेवरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आपल्याच वाचण्यात काही चुकलं असं वाटलं, म्हणून दुपारी पुन्हा घेऊन बसले. पाऊस भरपूर, दुष्काळ नाही, रेशन गावोगाव पोहोचतं, सबब किनारपट्टीवर अन्नाची जोखीम ‘कमी’, असं त्यात खरंच छापलं आहे. लेखकांनी अभ्यास केला असेल, तो मी नाकारत नाही. पण अलिबाग-पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात त्यांनी एक पावसाळा काढलेला नाही, एवढं लेखावरून कळतं.

आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा बाहेरकाठा, म्हणजे बांध. पाऊस कितीही चांगला झाला तरी अमावास्येच्या उधाणाला काठ्याला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की ते वर्ष संपलं. जिल्ह्याच्या पावसाच्या सरासरीत ही खांड कुठे दिसणार?

आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकून जेमतेम महिना झाला होता. रात्री दोनच्या सुमारास आरडाओरडा ऐकू आला आणि माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन बांधाकडे धावली. दगड टाकले, पेंढा घातला, चिखल लोटला. उजाडेपर्यंत खांड दोन माणसं आडवी मावतील एवढी झाली होती आणि खारं पाणी शेतात उभं होतं. चार दिवसांत रोपं तांबडी पडली. अर्ज केला तर उत्तर आलं, तुमच्या बांधाची योजना खाजगी आहे, सरकारी यादीत नाही. पूर्वी गावाचं जोळ होतं, घरटी एक माणूस काठ्यावर जायचा आणि खांड पडायच्या आधीच ती बुजवली जायची. १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, बांध सरकार बघेल असं लोकांनी धरून चाललं, आणि जोळ मोडलं. आता सरकारही येत नाही आणि जोळही नाही.

त्या जमिनीतलं मीठ धुऊन जायला आम्हाला तीन पावसाळे लागले. मधल्या वर्षी राताचं बी मिळवून टाकलं. हे आमचं जुनं लाल भात, खारं सोसणारं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या ‘पनवेल’ जातीही त्याचसाठी आहेत. पण मीठ एका हद्दीपलीकडे गेलं की तेही उगवत नाही. नापेर राहिलेलं शेत पैसेवारीत, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजात, धरतच नाहीत, पेरलेल्या शेताचा उतारा मोजतात. त्यामुळे बाजूच्या गोड्या जमिनींच्या जोरावर गाव पन्नास पैशांच्या वर राहिलं, म्हणजे टंचाईत धरलं गेलं नाही, आणि कागदोपत्री सगळं ठीक.

आम्ही घरात सहा माणसं. दोन वेळचा भात म्हटला तर महिन्याला साठ किलो तांदूळ लागतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनवर माणशी पाच किलो धान्य, म्हणजे सगळा तांदूळच मिळाला तरी तीस किलो. उरलेले तीस किलो विकत. दर वर्षी आगोटीला कणगी भरून, सुकट-बोंबील, मीठ-मिरची बेगमीला ठेवून आम्ही पावसाळ्यात शिरायचो. खांडीनंतरच्या वर्षी कणगी वैशाखातच झाडून घेतली होती. म्हैस विकली. जून-जुलै म्हणजे शेतात नवं धान्य नाही आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. मजुरीला जावं तर पावसात काम कोण देणार?

सासूबाई श्रावणी सोमवार आणि शनिवार करायच्या. त्या वर्षी गुरुवारही धरला. मग एकादशीला जोडून द्वादशीलाही ‘भूक नाही गो’ म्हणायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, आई, एवढे उपास कशाला? त्यांनी पोरांच्या ताटाकडे पाहिलं आणि विषय बदलला. आम्ही बायका रात्री पेज घ्यायचो, तीही पातळ. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या माहेरीसुद्धा नाही.

आणि आता ज्या कारणासाठी पत्र लिहायला बसले ते. त्याच वर्षी पाहणीवाला आला होता. आला कधी, तर मार्गशीर्षात. भावकीतल्या गोड्या शेतांची झोडणी झालेली, त्यांनी आम्हालाही दोन मण भात दिलेलं, घरात नव्या तांदळाचा वास होता. बसला ओटीवर. यजमानांना विचारलं, ‘गेल्या महिन्यात कधी उपाशी झोपलात का?’ ते नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गेल्या महिन्याचं विचारलं होतं, आणि परक्यासमोर कुठला पुरुष हो म्हणेल? मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्याने माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच २०१३ च्या कायद्याने रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख केली आहे. मग प्रश्न तिला का विचारत नाहीत? तांदूळ मापून टोपात ती घालते, कुणाला किती वाढायचं ते ती ठरवते. सहा जणांत कोण अर्धपोटी उठलं हे तिच्याशिवाय कुणाला माहीत असतं?

१९९६ साली रोमला जगातली सरकारं अन्नासाठी जमली, तेव्हा ठरलेली व्याख्या माझ्या मुलीच्या पुस्तकात आहे: पुरेसं, पौष्टिक अन्न सर्वांना आणि सर्व काळ मिळालं पाहिजे. ‘सर्व काळ’ यात श्रावण येतो. तुमच्या लेखात फक्त धान्य पिकतं किती आणि रेशनला येतं किती, एवढंच आहे.

रेशनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सासूबाईंचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. चाळीस वर्षं चिखलात आवणी केली, मासळी साफ केली, बोटांच्या रेषा झिजल्या. गेल्या महिन्यात तीन खेपा झाल्या. दोनदा अंगठा नाही, एकदा रेंज नाही. दुकानदार भला आहे, पण त्याचेही हात बांधलेले. म्हातारीने रिकामी पिशवी घेऊन परत यायचं आणि लेखात ‘रेशन पोहोचतं’ असं लिहायचं, याचा मला फार राग आला.

लेखासोबतचा फोटोही बदलावा. तो गव्हाच्या शेताचा आहे. कोकणावरच्या लेखाला भाताची चार खाचरं तुमच्या छायाचित्रकाराला मिळाली असती.

आपला प्रतिनिधी पाठवायचा असेल तर कृपया दिवाळीनंतर नको. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात पाठवा, उधाणाची तिथी बघून, आणि शक्य असेल तर एखादी बाई पाठवा. स्वयंपाकघरात बसून बोलता येईल. बाहेरकाठ्यावरच्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या दाराचं, फळकूट गेल्या पावसाळ्यापासून कुजलेलं आहे, तेही मी दाखवीन.

आपली,
एक शेतकरी वाचक
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड