फ्लॅश बंद करायला लावणाऱ्या काकांना

काकांनू, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघडं पत्र. कुडाळजवळच्या आमच्या गावी, जत्रेच्या रात्री, दशावताराच्या नाटकाला, सभामंडपात डावीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून तुम्ही बसला होतात. कानाला मफलर, मांडीवर खाज्याची पुडी. आणि मी म्हणजे गळ्यात नवा कॅमेरा अडकवून सगळ्यांच्या आडवा जाणारा तो मुंबैकर.

पालखीची प्रदक्षिणा झाली, पेटीवाल्याने सूर धरला आणि मी धडाधड फ्लॅश मारायला लागलो. तिसऱ्याच फोटोला तुम्ही माझ्या शर्टाचं टोक ओढलंत. "पयलो तो फ्लॅश बंद कर झिला. तेंका दिसाक नको?"

खरं सांगतो, राग आला होता. मग तुम्ही कॅमेरा हातात घेऊन माझाच फोटो मोठा करून दाखवलात. गणपतीचं सोंग चुना फासल्यासारखं पांढरं, आणि मागचा मृदुंगवाला काळोखात गडप. एवढी देखणी रात्र, पण फोटो आधार कार्डावरचा.

फ्लॅश बंद केल्यावर सगळे फोटो हलायला लागले. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ८००च्या वर न्यायला तयार नव्हतो, कारण फोटोत बारीक दाणे येतात असं कुठेतरी ऐकलेलं. त्यावर तुम्ही म्हणालात ते मी आता चार मित्रांना ऐकवलंय: "दाणे इले तर येवंदेत. हललेलो फोटो कोणाचो आजो येवन सुधारूचो नाय." रोलाच्या काळात चारशेच्या फिल्मवर तुम्ही लग्नं काढलीत. मी त्या रात्री ६४०० वर गेलो, म्हणजे तुमच्या सोळापट. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर दाणे आहेत, पण रंग लावलेल्या चेहऱ्यावर ते नजरेत येतही नाहीत.

दुसरी गोष्ट झूमची. मी मागे उभा राहून ५५ पर्यंत ओढत होतो. कॅमेऱ्यासोबत आलेली ही १८-५५ची लेन्स रुंद टोकाला ३.५ पर्यंत उघडते आणि झूम केली की ५.६ वर अडकते; आकडा मोठा, तितकं उजेडाचं भोक लहान. म्हणजे ओढता ओढता अडीचपट उजेड मी स्वतःच घालवत होतो. तुम्ही हे आकड्यांत सांगितलं नाहीत. "फुडे जावन पोरांत बस," एवढंच. चाळिशीतला माणूस पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, एकाचा पाय माझ्या बॅगेवर, पण उजेड मिळाला.

मग दशावतारातला राक्षस, संकासुर आला. नखशिखांत काळा, लाल जीभ बाहेर. कॅमेऱ्याने तो काळेपणा पाहिला आणि बिचाऱ्याला राखाडी करून टाकलं. पाठीमागच्याचा मुकुट तर नुसता पांढरा डाग. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं, काळं दिसलं की ते उजळतो. म्हणून प्लस-मायनसचं बटण एक घर मायनसमध्ये न्यायचं. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण समोर संकासुर नाचत असताना कोणी बटणावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हाच डोक्यात शिरलं.

पट्ट्यांचं तर मला हसूच येतं. सेकंदाच्या १/३२० शटरला काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे पडले. मी म्हटलं, कॅमेरा खराब निघाला, सोमवारी दुकानदाराशी भांडायचं. तुम्ही वर टांगलेल्या एलईडीकडे बोट दाखवलंत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं आणि पट्टे गेले. दुकानदार वाचला.

पण १/५० ला नाचणारा माणूस कसा धरायचा? खांबाला खांदा लावून माझा हात थांबेल, लेन्समधलं यंत्र माझी थरथर सांभाळेल, समोरच्या राजाची गिरकी कोण थांबवणार? इथे तुम्ही जे शिकवलंत ते अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. "डोळ्यांनी नको, कानांनी काढ." मृदुंग चढत जातो, झांज दाट होते आणि समेवर राजा तलवार रोखून क्षणभर थांबतो. तो क्षण १/५० ला पुरतो. त्याआधीच कपाळावरच्या मुकुटाच्या काठावर, जिथे जर आणि कातडी भेटते तिथे, मधल्या ठिपक्याने फोकस धरून ठेवायचा आणि बोट अर्धवट दाबून वाट बघायची. सुरुवातीला दहा वेळा चुकलो. युद्धाच्या प्रवेशापर्यंत मृदुंगवाल्याचे हात ओळखीचे झाले होते.

एक तक्रार मात्र आहे. काळोखात कॅमेऱ्याचा मागचा पडदा जास्त उजळ वाटतो, फोटो छान आलेत असं वाटून माणूस फसतो, हे तुम्ही सांगितलं नाहीत. निम्मे फोटो घरी पाहिले तर अंधारात. पडद्यावर भरवसा न ठेवता उजेड-काळोखाचा आलेख (हिस्टोग्राम) बघायचा, हे स्वतः आपटल्यावर कळलं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढले होते म्हणून बरेचसे वर आणता आले.

पहाटे आख्यान संपेपर्यंत तुमच्या खांबाशी नुसती खाज्याची रिकामी पुडी होती. चहाच्या टपरीवर विचारलं, तर म्हणाले, ते पहिल्या गाडीने गेले.

राजा समेवर थांबलाय, मागे मृदुंगवाला स्पष्ट दिसतोय, असा एक फोटो आहे. बारा बाय अठराचा प्रिंट काढलाय. त्याच्या उजव्या कोपऱ्यात खांबाशी एक मफलरही आलाय, थोडा हललेला. पुढच्या जत्रेला प्रिंट पिशवीत घेऊन तिसऱ्या खांबाशी येतो. खाजं माझ्याकडून.

तुमचा,
सतरंजीवरचा मुंबैकर