गिअरबॉक्स मुदतीआधी गेला, तर पुरावा मालकाकडे का मागता?

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री

महोदय,
सविनय नमस्कार.

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटी संपल्यावर लवकरच बसतो, दुरुस्तीचा अंदाजपत्रक-कागद हातात पडतो आणि मालक चक्रावतो. इंजिनानंतर गाडीत सर्वांत महागडं काही असेल तर ते हेच. खर्चाबद्दल मला बोलायचं आहेच, पण त्याआधी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. गिअरबॉक्समध्ये मुळातच दोष होता हे सिद्ध करायचं मालकाने, आणि सिद्ध करायला जे जे लागतं ते सगळं मात्र कंपनीच्या ताब्यात. ही व्यवस्था बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

बिघाडाची सुरुवात बहुधा बारीकसारीक असते. सिग्नलवरून गाडी उचलताना थरथर जाणवते, गिअर बदलताना झटका बसतो, चढावर रेस वाढते पण गाडी जोर धरत नाही. माझ्या गाडीत हे वॉरंटीत असतानाच सुरू झालं. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "ऑटोमॅटिकला एवढं चालायचंच." जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार आणि कामाच्या नोंदपत्रावर, शेरा पडला, "तपासले, दोष आढळला नाही." पुढच्या खेपेला, "सॉफ्टवेअर अपडेट केले." मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं की चढावर गाडी क्षणभर मागे येते. ते वाक्य कार्डावर कुठेच उतरलं नाही. वॉरंटी संपली आणि एके दिवशी वाहत्या रस्त्यात गाडीने दम सोडला. इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, पण चाकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत कशाबशा बाजूने निघत होत्या. नंतर तीच जॉब कार्डं माझ्यापुढे टाकण्यात आली. दोष आधीपासून होता असं यात कुठे लिहिलंय, असं मलाच विचारलं!

यानंतर ठरलेलं उत्तर येतं, "तुमची गाडी चालवायची पद्धत." या उत्तराचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण यंत्राची रचना पाहिली तर ते टिकत नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये दोन क्लच (इंजिनाची ओढ चाकांकडे जोडणारे-तोडणारे भाग) असतात आणि ते दोन्ही गाडीतला संगणक चालवतो. कोरड्या क्लचच्या प्रकारात उष्णता वाहून नेणारं तेलही क्लचभोवती नसतं. गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच अर्धवट धरलेल्या अवस्थेत घासत राहतो, तापतो, झिजतो. चालकाच्या पायाशी क्लचचं पेडलच नसतं. तो क्लच केव्हा आणि किती धरायचा हे कंपनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरने ठरवलेलं असतं. तरी वॉरंटीच्या पुस्तिकेत क्लच बहुधा "झिजणारे भाग" या सदरात जातो, म्हणजे हात वर करायला वाट मोकळी. सीव्हीटी या, ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक प्रकारात दोन पुलींवर पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते आणि तेलाच्या दाबाने पकड राहते. दाब कमी पडला की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात, धातूचा कीस तेलात उतरतो आणि तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा तुंबतात. गाडी गर्दीच्या रस्त्यावर चालणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नव्हतं का?

तेलाचंही तेच. अनेक गाड्यांच्या बाबतीत गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरेल, बदलायची गरज नाही असं सांगितलं जातं. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला असा सल्ला देते. मग "आयुष्यभर" म्हणजे नेमकं कुणाचं आयुष्य, वॉरंटीचं की गाडीचं? सांगितलं तसं वागून तेल न बदलणाऱ्या मालकाचा गिअरबॉक्स गेला, तर दोष त्याचा कसा?

हे रडगाणं एकट्यादुकट्याचं नाही. ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी हाताळताना कंपनीने ग्राहकांशी अनुचित वर्तन केलं, असं तिथे निष्पन्न झालं. गाडीच्या थरथरीचं खापर कंपनी ग्राहकांच्या चालवण्यावर फोडत होती, आणि गिअरबॉक्समधल्या दोषांची तिला आधीपासून कल्पना होती. चीनमध्ये 2013 साली सरकारी दूरचित्रवाणीने डीएसजी या फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी चव्हाट्यावर आणल्या आणि फोक्सवॅगनला 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून तिथे एक नियम लागू झाला. ठरावीक मुदतीत इंजिन किंवा गिअरबॉक्स दोनदा बदलूनही गाडी नीट चालत नसेल, तर ग्राहकाला गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. माहिती उघड झाली आणि नियामक उभा राहिला की कंपन्या हलतात, हे दोन्हीकडे दिसलं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण ते कलम पर्यावरणाला किंवा चालक, प्रवासी आणि रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल अशा दोषांपुरतं आहे. भर रस्त्यात गाडीची ओढ अचानक जाणं हा माझ्या मते धोकाच आहे, पण तो तसा धरलाच जाईल याची हमी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आहे, ही चांगली गोष्ट. प्रत्यक्षात मात्र जिल्हा ग्राहक आयोगापुढे पहिला प्रश्न येतो, उत्पादनातला दोष आहे याला तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? प्रयोगशाळेत तपासणी करायची तर तिचं शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येतं. गिअरबॉक्स उघडायचा कुणी? ज्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर आणि माहिती आहे त्याने, म्हणजे पुन्हा कंपनीच्याच माणसाने. हे होईपर्यंत गाडी बंद, आणि तक्रारीसाठीची दोन वर्षांची मुदत सरत राहते. नोकरीधंदा सांभाळणारा माणूस मग मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो.

यावरचा उपाय युरोपीय संघाने लिहून ठेवला आहे. 2019 च्या त्यांच्या निर्देशानुसार वस्तू हातात आल्यापासून किमान एका वर्षात दोष दिसला, तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं. नव्हता, हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. सदस्य देशांना ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवायची मुभा आहे. गिअरबॉक्ससारख्या भागाला हीच मुदत आपण आणखी लांब ठेवावी, निदान वॉरंटीच्या काळात नोंदवलेल्या लक्षणाशी जोडलेला बिघाड नंतर झाला तरी वॉरंटीतलाच मानावा. अमेरिकेत महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे आलेल्या तक्रारी मॉडेलवार कुणालाही वाचता येतात. कंपन्या आपल्या डीलरांना पाठवतात ती तांत्रिक पत्रकंही तिथे खुली असतात. आपल्याकडे तसं झालं तर "अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय" हे वाक्य काउंटरवर कुणी उच्चारणार नाही.

दुरुस्तीच्या खर्चाचं मूळही माहितीच अडवून ठेवण्यात आहे. बिघाड एखाद्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेचा) किंवा व्हॉल्व्ह बॉडीचा असतो आणि सांगितली जाते ती अख्खी असेंब्ली. बाहेरचा हुशार मेकॅनिक तेवढाच भाग बदलून देऊ शकला असता, पण त्याला ना भाग मिळतो, ना स्कॅनरचं सॉफ्टवेअर. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये याच कारणावरून 14 कार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता आणि सुटे भाग व तपासणीची साधनं खुल्या बाजारात उपलब्ध करायला सांगितलं होतं. प्रकरण अपिलांत गेलं. मालक मात्र होता तिथेच राहिला.

पुराव्याचा भार उलटा करायला कायदा बदलावा लागेल, त्याला वेळ लागेल, हे मला समजतं. पण दोन गोष्टी नियमाने लवकर होऊ शकतात. ग्राहकाने सांगितलेली तक्रार जॉब कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहावी आणि त्याची सही घेतल्याशिवाय कार्ड बंद करू नये. आणि गाडीच्या संगणकात साठलेल्या बिघाडाच्या नोंदींची छापील प्रत, "दोष आढळला नाही" असा शेरा असला तरी, प्रत्येक भेटीत मालकाच्या हातात द्यावी. आपण या दोन्हींचा मसुदा हरकती व सूचनांसाठी जाहीर करावा, ही विनंती. माझी सगळी जॉब कार्डं मी जपून ठेवली आहेत. आपल्या कार्यालयाने मागितली तर त्यांच्या प्रती पाठवीन.

आपला विश्वासू,
एक गाडीमालक