कंटेनरचं सील आणि खर्र्याची पुडी

मा. संपादक,
स. न.

बंदरांच्या सुरक्षेवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. कॅमेरे, कुंपण, गस्ती बोटी, सगळं त्यात आलं. पण ते सारं समुद्राच्या बाजूने पाहिलेलं आहे. मला जमिनीच्या बाजूचं सांगायचंय. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढली. आता राळेगाव तालुक्यात कापूस पिकवतो आणि हंगामात जवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, गाठींचा हिशेब बघतो. पारावर हा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "भाऊ, समुद्र कुठी अन् आपून कुठी!"

१ जुलै २००४ला आयएसपीएस संहिता, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली, जगभर लागू झाली तेव्हा मी जहाजावरच होतो. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती आली. नियम साधा: जहाजाच्या आणि बंदराच्या कमजोर जागा आधी शोधा, मग सुरक्षेचा आराखडा करा. कमजोर जागा म्हणजे फक्त तुटकी जाळी नव्हे, माणसंही त्यात धरलेली आहेत. हे मला स्वतःच्या फजितीतून कळलं. एकदा रात्री बारा ते चारच्या पाळीत मी गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, पहाऱ्याला होतो. एक गृहस्थ आले, गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, मी वहीत सही घेऊन वर सोडलं. सकाळी कप्तानाने बोलावलं. ते गृहस्थ तपासनीस होते आणि ओळखपत्रावर फोटो त्यांच्या बायकोचा होता. मला कुणी बोललं नाही, पण अहवालात लिहिलं गेलं की मध्यरात्रीनंतर गँगवेवरची तपासणी नावापुरतीच होते. माझी झोप त्या दिवसापासून कागदावर आली.

आता आमच्या जिनिंगमधला मागच्या हंगामातला प्रसंग. चाळीस फुटी कंटेनर लागला होता, हमाल गाठी भरत होते. ऑफिसच्या खिडकीत बोल्ट सीलचा, म्हणजे कंटेनरच्या दाराला लावायच्या नंबर असलेल्या लोखंडी खिळ्यांचा, खोका उघडा पडलेला आणि त्यावर कुणाची तरी अर्धी खाल्लेली खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी! किती सील आली, किती लागली, याची नोंदवही नाही. पूर्वी कारखान्यात माल भरताना सरकारी माणूस समोर उभा राहून सील लावून घेई. २०१७पासून निर्यातदाराने स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावायचं, अशी पद्धत आली. वेळ वाचला, चांगलंच झालं. पण त्या सरकारी माणसाची जागा खिडकीतल्या खोक्याने घेतली.

सील शाबूत म्हणजे माल शाबूत, असं आपण धरून चालतो. दाराचा दांडा ज्या रिव्हेटांवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर, बसलेला असतो त्या काढल्या, की सीलला धक्का न लावता दार उघडतं. नंतर नव्या रिव्हेट ठोकून रंगाचा हात मारला की झालं. म्हणून सील नुसतं बघायचं नसतं. नंबर कागदाशी ताडायचा, ओढून बघायचं, पिळून बघायचं, आणि दाराच्या रिव्हेट नव्या तर दिसत नाहीत ना, तेही पाहायचं. रिकामा कंटेनर आला की आतली लांबी टेपने मोजायची. चाळीस फुटीची बारा मीटरच्या आसपास भरते. अर्धा मीटर कमी आली तर मागे खोटी भिंत असू शकते. याला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे ती पाच मिनिटं कुणी काढत नाही, कारण कुणी सांगितलेलंच नाही. सूचनांचा कागद आला होता, पण इंग्रजीत. तो वजनकाट्यावरच्या फळीखाली टेकू म्हणून लावलाय.

पुढे हा ट्रेलर सातशे किलोमीटरच्या आसपास जाणार, दोन ढाब्यांवर थांबणार, चालक झोपणार. बंदराचं मूल्यमापन मात्र बहुतेक फाटकापासून सुरू होतं, कारण संहितेचा रोख जहाज आणि बंदर जिथे भेटतात त्या जागेवर आहे. संहितेच्या बाहेर राहिलेलं काय करू शकतं ते २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईने पाहिलं. हल्लेखोर ज्या 'कुबेर'वरून मुंबईजवळ आले ती मासेमारी नौका होती. ही संहिता ५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या, परदेशी फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजांसाठी. ती नौका त्यात बसतच नव्हती. आणि जून २०१७मध्ये मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं ते संगणकातल्या विषाणूमुळे. तो शिरला होता युक्रेनमधल्या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. युक्रेन कुठी अन् न्हावा शेवा कुठी, हे मी आता पारावर विचारतो.

माझं मागणं मोठं नाही. बंदराच्या कमजोर जागा शोधणाऱ्यांनी कापसाच्या हंगामात एकदा विदर्भात यावं आणि एक कंटेनर भरण्यापासून जहाजापर्यंत सोबत न्यावा, ढाब्यासकट. काट्यावरच्या कारकुनाला, हमालांना आणि चालकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मराठीत द्यावं, आणि सील संशयास्पद वाटलं तर कुणाला फोन करायचा तो एक नंबर दारावर लिहून द्यावा. आज असा प्रश्न पडला तर आमचा कारकून मालकाला विचारतो आणि मालक म्हणतो, गाडी सोड, जहाज सुटेल.

दिवाळीनंतर पहिला ट्रेलर लागेल. सीलचा खोका तोवर कुलपात जावा, एवढं मी मालकांना सांगितलंय. कपाट बघतो म्हणाले.

आपला,
एक निवृत्त खलाशी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ