सोऱ्याच्या दोन मुठी आणि काका

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे गं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे, आयुष्य घालवलेल्या माणसाने एका बी.कॉम. झालेल्या मुलीसाठी किती संध्याकाळी दिल्या, ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवताना आईचा अंगठा इतका दुखला की निम्मी भाजणी डब्यातच राहिली. संधिवात. यंदा गणपती झाल्यावर मी फ्रीकॅड उतरवून घेतलं, म्हणजे वस्तूची मापासकट आकृती काढायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर (अशा सॉफ्टवेअरला कॅड म्हणतात). ते फुकट मिळतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. सोऱ्याच्या आडव्या दांडीवर दोन्ही बाजूंनी बसतील अशा लांब मुठी करायच्या, एवढंच डोक्यात होतं. डोळ्यांना बरी दिसेल अशी आकृती काढली आणि तुम्हाला दाखवायला आणली.

तुम्ही मला माउसने एक रेघ ओढायला सांगितलीत. रेघ सरकली तशी सगळी आकृती वाकडी झाली. "मोकळी सुटलीय की ही. हिला कुणी बांधलंय?" तुम्ही ड्रॉइंग बोर्डवर काम केलेले, कॅड कधी हातात धरलेलं नाही, तरी पहिल्याच मिनिटाला नेमकं तिथे बोट ठेवलंत. मग एकेक रेघ बांधत गेलो. ही आडवी, ही मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर, हा व्यास एवढा. शेवटचं माप टाकलं आणि पांढऱ्या रेघा एकदम हिरव्या झाल्या, म्हणजे आता एकही मोकळी नाही. प्रत्येक मापाला तुम्ही "का?" विचारत होतात. "बरं दिसतं म्हणून" हे उत्तर एकदाही चाललं नाही.

दांडी १० मिमीची, म्हणून मी भोकही १० मिमीचं ठेवलं होतं. तुम्ही तुमचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची पट्टी, काढलात आणि तीन ठिकाणी मोजायला लावलंत: ९.८६, ९.९२, १०.०४. ओतीव पितळ, सगळीकडे सारखं कुठून असणार? त्यात मूठ छापायची थ्रीडी प्रिंटरवर, थरावर थर रचून वस्तू बनवणाऱ्या यंत्रावर, आणि त्यावर भोक थोडं लहानच येतं. शेवटी १०.४ ठेवलं, तेव्हा मूठ हाताच्या दाबाने सरळ आत गेली.

पहिली मूठ पिळताना मोडली. मला रडू येत होतं, आणि तुम्ही तो तुकडा दिव्याखाली धरून त्याचे थर दाखवत होतात. "लाकूड नसेच्या बाजूनंच फाटतं ना? तसंच हे." मूठ उभी छापली होती, म्हणून थर नेमके जोराला आडवे आले. दुसऱ्या वेळी आडवी छापून आणली. ती टिकली.

कडांची गोलाई सगळ्यात शेवटी घे, हेही तुम्हीच सांगितलंत. लेथवर जॉब पुरा झाल्यावरच कडांची धार मोडता, तसं. कॅडमध्येही ते किती खरं आहे हे मला नंतर कळलं: गोलाई आधी घेतली आणि मग मूळ माप बदललं, की पुढचं सगळं विस्कटू शकतं.

आता दांडीची लांबी मध्यापासून ४५ ऐवजी ९० मिमी झाली आहे, म्हणजे तेवढ्याच पिळाला निम्मा जोर. आईने परवा एका बैठकीत किलोभर भाजणीच्या चकल्या पाडल्या. मध्ये एकदा थांबली ती फक्त तेलाचा गॅस कमी करायला.

काल समोरच्या काकूंनी त्यांच्या सोऱ्यासाठी मुठी मागितल्या. त्यांची दांडी जाड, ११.२ मिमी. मी तीन ठिकाणी मोजली, फाइलमधला एक आकडा बदलला आणि अख्खी मूठ आपोआप त्या मापाची झाली. एकही रेघ मोकळी सुटली नाही, काका.

तुमचा व्हर्नियर तेलाचा बोळा फिरवून त्याच्या डबीत ठेवलाय. रविवारी चकल्यांसोबत घेऊन येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची मुलगी