घरातल्या रेल्वेलाही जागा द्या

मा. संपादक,

सुट्टीच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेला पण थोडी जागा द्या ना. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, पण घरी लेआउट (रूळ, स्टेशन, देखावा यांची मांडणी) कसा करायचा हे मराठीत फारसं वाचायलाच मिळत नाही. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, १:८७ स्केलला (८७ पट लहान, यालाच एचओ म्हणतात) तो १९ मिमीच्या वर जातो आणि रेडीमेड एचओ ट्रॅक १६.५ मिमीचा, म्हणजे तडजोड आलीच. रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग द्या, बारीक खडी ब्रशने पसरा, मग पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा, पण त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब हवाच नाहीतर ते मुरतच नाही आणि खडी हलते. काळ्या दगडाचं घाटातलं स्टेशन मी पुठ्ठ्याचं केलंय, कौलं अजून बाकी आहेत!

— एक वाचक, डोंबिवली