दोन गोळ्या कापून द्या, पण नाव तर राहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, काटछाट करून छापलं तरी चालंल, पण सोयाबीनची रास सुरू व्हायच्या आत छापा एवढीच विनंती.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. दसऱ्याच्या पुढंमागं आमच्याकडं काय हाल असतात ते तुम्हाला सांगायला नको. शिवारात जिकडं बघंल तिकडं सोयाबीनच्या बनिमी म्हणजे गंजी, एका रानात हडंबा म्हणजे मळणीयंत्र संपलं की दुसऱ्या रानात, आणि त्या भुसकटाचा धुराळा असा की बांधावर उभं राहिलं तरी नाक चोंदतंय. त्यात बांधाबांधानं काँग्रेस गवत फुलावर आलेलं. शिंका, डोळ्याला पाणी, घशात खाज, कुणाच्या अंगावर लाल गांधी उठलेल्या. मग संध्याकाळी गावातली निम्मी माणसं मेडिकलच्या काउंटरवर, "सर्दीच्या दोन गोळ्या द्या". मेडिकलवाला कात्री घेतो, पाकिटाचा एक तुकडा कापतो, दहा रुपये घेतो, विषय संपला. त्या तुकड्यावर नाव अर्धं असतं, तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली असते, आणि काही ठिकाणी तर डब्यातल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात, तिथं तर पांढरी गोल गोळी एवढीच ओळख.

मागच्या रासीला आमचे आण्णा, वय ७६, दोन दिवस नुसते शिंकत होते. रानात जाऊ नका म्हणलं तर ऐकत्यात व्हय. मीच संध्याकाळी गावातून दोन गोळ्या आणून दिल्या, म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची म्हणून सांगत नाही, माझीच आहे. एक रात्री घेतली, एक सकाळी. नाक लगेच सुकलं, आण्णा खूष. पण सकाळपासून लघवीच झाली नाही. आम्हाला वाटलं पाणी कमी पिले असतील म्हणून आम्ही त्यांना आणखी दोन तांबे पाणी पाजलं, वरून लिंबू सरबत. दुपारी चारला ओटीपोट दगडावानी झालं आणि माणूस घामानं भिजला तेव्हा गाडी काढली आणि लातूर गाठलं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला, सर्दीची गोळी घेतली का? मी हो म्हणलं. कोणती? माझ्याकडं दोन रिकाम्या खड्ड्यांचा तुकडा होता आणि त्याच्यावर फक्त "प्लस" एवढं वाचता येत होतं. डॉक्टर म्हणले अहो हे आडनाव झालं, नाव कुठाय. प्लस, कोल्ड, फोर्ट, एम, ही सगळी आडनावं, बाजारात असे शेकडो प्लस आहेत. शेवटी गावातल्या मेडिकलवाल्याला फोन लावून दुसऱ्या तुकड्याचा फोटो मागवला तेव्हा कळलं की त्यात क्लोरफेनिरामाइन होतं, ज्याला मेडिकलवाले सीपीएम म्हणतात, आणि सोबत फिनाइलएफ्रिन होतं. तोवर नळी घालून पिशवीत लिटरभर लघवी काढली होती आणि आण्णांच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. नळी तीन दिवस ठेवली.

झालं काय ते डॉक्टरांनी शेतकऱ्याला कळंल असं सांगितलं. आण्णांचं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, आधीच वाढलेलं, रात्री तीन तीन वेळा उठायचे, म्हणजे पाईप आधीच दाबलेला. त्यातलं सीपीएम, म्हणजे अॅलर्जीचं जुनं औषध, मूत्राशयाचा स्नायू ढिला पाडतं, म्हणजे विहिरीवरची मोटार बंद. आणि दुसरं औषध, फिनाइलएफ्रिन, जे चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून घालतात, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं, म्हणजे वरून व्हॉल्व पण बंद. मग पाणी येणार कुठून, आणि आम्ही वरून विहीर भरत बसलो होतो. ते दुसरं औषध बीपी पण वाढवतं, हे पण मला तिथंच कळलं. आण्णा बीपीची गोळी दहा वर्षांपासून खातात.

या अॅलर्जीच्या गोळ्यांत जुन्या आणि नव्या अशा दोन पिढ्या आहेत. धूळ अंगात गेली की शरीर हिस्टामिन सोडतं, त्यानं शिंका, खाज, पाणी, आणि ही गोळी त्या हिस्टामिनला जागेवर बसू देत नाही. इथपर्यंत सगळ्या सारख्या. पण सीपीएम, फेनिरामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी, म्हाताऱ्या माणसाला कधी कधी भ्रम, रात्री उठताना तोल जाणं. शिवाय तोंड कोरडं पडतं, काचबिंदू असला तर डोळ्याला त्रास. नव्या म्हणजे सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, या मेंदूत कमी जातात. कमी, अजिबात नाही असं नाही. सेटिरिझिननं पण बऱ्याच लोकांना झोप येते, आणि प्रोस्टेटवाल्यानं लेव्होसेटिरिझिन घेताना पण डॉक्टरला सांगायला पाहिजे. फेक्सोफेनाडिननं झोप सगळ्यात कमी म्हणतात. आता मला सांगा, "प्लस" वाचून यातलं काय कळणार.

तुमच्या पेपरात दर वर्षी बातमी असते, हडंब्यात हात गेला, ट्रॅक्टर पलटी झाला. प्रत्येक ठिकाणी गोळीच कारण असं मी म्हणत नाही, ढिली बाही असते, रात्रीची रास असते, हजार कारणं. पण हडंब्यावर पेंड्या लावणाऱ्या पोरानं सकाळी नाक वाहतंय म्हणून सीपीएम खाल्ली होती का हे कुणी विचारतच नाही. मी स्वतः एकदा अशी गोळी खाऊन मोटरसायकलवर आडतीला निघालो होतो, रस्ता रोजचा, आणि एका पुलाजवळ भान आलं तेव्हा गाडी रस्त्याच्या खाली निम्मी उतरलेली. झोप लागली असंही वाटलं नव्हतं, नुसतं डोस्कं जड होतं. तेव्हा गोळीवर संशय पण आला नाही, म्हणलं उन्हानं झालं असंल. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते. आणि संध्याकाळी रास संपल्यावर जे दोन घोट घेणारे आहेत त्यांनी तर त्या रात्री या गोळीला हातच लावू नये, दारू आणि ही गोळी एकमेकीला जोर देतात.

डबल डोसचं पण नावामुळंच होतं. आमच्या चुलत्याला स्किनच्या डॉक्टरांनी लेव्होसेटिरिझिन लिहून दिलेली, आणि सर्दी झाली म्हणून गावातून आणली ती सेटिरिझिनवाली. दोन रंग, दोन कंपन्या, दोन नावं, म्हणून त्यांना वाटलं दोन आजाराची दोन औषधं. खरं म्हणजे लेव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच निम्मा भाग आहे, काम करणारा, म्हणून मोठ्या माणसाला सेटिरिझिन दिवसाला १० मिलिग्रॅम आणि ही ५ मिलिग्रॅम. चुलते शुगरचे पेशंट, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंद झालेली. या दोन्ही गोळ्या किडनीवाटे बाहेर पडतात, किडनी मंद असली की गोळी अंगात साचते, म्हणून अशा माणसाचा डोस डॉक्टर कमी करतात, आणि किडनी पार गेलेली असली तर लेव्होसेटिरिझिन देतच नाहीत. चुलते मात्र दोन्ही खाऊन दोन दिवस बाजेवर, आणि घरचे म्हणतात थकवा आहे.

फेक्सोफेनाडिनची वेगळीच तऱ्हा. ती पाण्यासोबत घ्यायची, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूससोबत घेतली तर आतड्यातून नीट शोषलीच जात नाही. आमच्या मराठवाड्यात आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन येतो, मोसंबी पण संत्र्याच्याच खानदानातली, त्यामुळं गोळीच्या वेळंला रसाचा ग्लास बाजूला ठेवलेला बरा. आणि अॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध घेत असाल तर दोन्हींत दोन तासाचं अंतर ठेवा.

अॅसिडिटीवरून आठवलं. आपल्या भाषेनंच एक घोळ घालून ठेवलाय. छातीत जळजळलं तरी आपण म्हणतो पित्त झालं, आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी म्हणतो पित्त उठलं. काउंटरवर जाऊन "पित्ताची गोळी द्या" म्हणलं की मेडिकलवाला पोटाची देतो, आणि इकडं माणूस रात्रभर आमसूल चोळत खाजवत बसतो. गंमत अशी की पोटातलं अॅसिड कमी करणारी फॅमोटिडिन पण हिस्टामिनलाच अडवते, पण ते पोटातलं वेगळं कुलूप आहे, त्या चावीनं खाज थांबत नाही. म्हणून दाखवून सांगा, अंगावर आलंय का पोटात जळतंय.

खाज म्हणली की सगळी अॅलर्जी नसते हे पण लिहितो. जांघेतला नायटा, लेकरांच्या बोटाच्या बेचक्यातली खरूज, यांना या गोळीनं तात्पुरतं बरं वाटतं आणि आजार आत वाढत राहतो, वरून घरभर पसरतो. सर्दीच्या पुडीत कधी कधी स्टिरॉइडची बारकी गोळी पण असते, म्हणून तर "त्यांच्या गोळीनं एका दिवसात आराम पडतो". शुगरवाल्याची शुगर त्या आरामात किती वर जाते ते बघायला कुणी नसतं.

काँग्रेस गवताची अॅलर्जी असलेले आमच्याकडं कैक आहेत, ते वर्षानुवर्षं रोज एक सेटिरिझिन खातात, डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलं ते आठवत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं, म्हणजे एफडीएनं, इशारा दिला की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर काही थोड्या लोकांना अंगभर भयंकर खाज सुटते. असं क्वचित होतं, पण झालं की माणसाला वाटतं अॅलर्जी परत आली आणि तो पुन्हा गोळी चालू करतो, म्हणजे सुटकाच नाही. बंद करायची असली तर डॉक्टरला विचारून करा. आणि नाक नुसतं चोंदलेलं राहत असलं तर या गोळीपेक्षा डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे जास्त काम करतो, पण स्प्रे म्हणलं की आपले लोक घाबरतात, सवय लागंल म्हणून, आणि गोळी मात्र दहा दहा वर्षं खातात.

लेकरांचं तर विचारूच नका. सीपीएम आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या लेकराला देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलाय. छापलेलं असलं तरी इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. रानातून आल्यावर लेकरू किरकिर करतंय, पाजा अर्धा चमचा, झोपंल तरी, असं आमच्या बायाबापड्या सहज करतात.

आणि एक गोष्ट या गोळीच्या पलीकडची. गांधीलमाशी चावली, इंजेक्शन घेतलं, काही खाल्लं, आणि ओठ जीभ सुजली, श्वास घुसमटला, चक्कर आली, तर तिथं गोळी खाऊन वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. तिथं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि लवकर लागतं. गोळीनं त्या वेळी जीव वाचत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मेडिकलवाले सगळे वाईट आहेत असं अजिबात नाही, आमच्या गावात रात्री बाराला शटर उघडणारा तोच आहे, डॉक्टर तर आठवड्यातून दोन दिवस येतो. आणि मजुरानं अख्खं पाकीट घ्यावं हे पण मी म्हणणार नाही, दोनच गोळ्या लागतात तर दोनच घेईल तो. पण ज्या पाकिटावर लाल रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, हे गिऱ्हाईकाला नाही तरी दुकानदाराला माहीत असतं. तेवढं पाळणं होत नसंल तर निदान कापलेल्या तुकड्यासोबत कागदाच्या चिटोऱ्यावर आतल्या औषधाचं नाव आणि तारीख मराठीत लिहून द्या. "सीपीएम, झोप येते, गाडी नको" एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. आणि विचारायचे चारच प्रश्न, वय काय, लघवीचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे का, बीपी शुगर किडनीची गोळी चालू आहे का, बाई असंल तर दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजते का. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय म्हणे, चांगलंच आहे, पण कोड एका तुकड्यावर आणि गोळ्या दुसऱ्या तुकड्यावर गेल्या तर स्कॅन काय करायचं.

गिऱ्हाईकानं पण एक करावं, मोबाईल सगळ्यांकडं आहे, कापायच्या आधी अख्ख्या पाकिटाचा मागून पुढून फोटो काढून घ्यावा. मी आता काढतो. आण्णा त्याच्या पुढं गेलेत. कुठल्याही मेडिकलवर गेले की काउंटरवर कोपर टेकवून आधी विचारतात, "हिच्यात सीपीएम तर नाही ना?" परवा लातुरात एका दुकानातल्या नव्या पोरानं त्यांना रिटायर कंपाउंडर समजून खुर्ची दिली.

तुमचा जुना वाचक,
(नाव छापू नये)
ता. औसा, जि. लातूर